अशक्त बदकपिल्लू कोंबडीकडे परत केव्हा द्यावे?

खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या बदकाच्या अंड्यांपैकी चार वेळेवर फुटली आणि पाचवे पिल्लू दीड दिवस उशिरा, पाय फाकवत बाहेर आले; ते भावंडांत लगेच सोडावे की वेगळे वाढवावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते आत्ता वेगळे काढावे, पण शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच परत करावे. त्याहून जास्त दिवस लोटले की बऱ्याच कोंबड्या ते परके समजून टोचतात.

पहिल्या दिवशी त्याला खाण्यापेक्षा उबेची गरज अधिक असते. अंड्यातला उरलेला बलक बाहेर येण्यापूर्वीच पोटात ओढला गेलेला असतो आणि त्यावर पिल्लू 24 ते 48 तास तग धरते, त्यामुळे दाणा टिपत नाही म्हणून घाबरू नये. खोक्याच्या एका कोपऱ्यावर दिवा लावून तिथे 32 ते 35 अंश सेल्सिअस तापमान राखावे व दुसरा कोपरा थंड सोडावा. पिल्लू दिव्याखाली अंग चोरून सतत ओरडत असेल तर ऊब कमी पडते आहे. चोच उघडी टाकून लांब पडले असेल तर जास्त होते आहे. थर्मामीटरपेक्षा मी याच खुणांवर अधिक विसंबतो.

पाणी पाजण्याच्या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. निपचित पडलेल्या पिल्लाच्या चोचीत मी ड्रॉपरने साखरपाणी सोडले. संध्याकाळी त्याच्या नाकपुडीत श्वासागणिक बारीक बुडबुडे दिसू लागले आणि सकाळपर्यंत ते गेले. पाणी श्वासनलिकेत उतरले होते. तेव्हापासून मी पिल्लू उबदार झाल्यावर फक्त चोचीचे टोक कोमट पाण्यात बुडवतो, गिळायचे काम त्याचे. बशी इतकीच खोल असावी की नाकपुड्या धुता याव्यात, आणि तीत खडे टाकावेत, कारण अशक्त पिल्लू बोटभर पाण्यातही बुडते.

पाय फाकण्याचे कारण पुष्कळदा गुळगुळीत तळ हेच असते, म्हणून खोक्यात वर्तमानपत्र न घालता खरखरीत टॉवेल किंवा रबरी जाळी अंथरावी. दोन्ही पाय शरीराच्या बरोबर खाली येतील एवढे अंतर सोडून त्यांना मऊ, स्वतःला चिकटणाऱ्या पट्टीची सैल बेडी बांधावी. हा उपाय पहिल्या दोन-तीन दिवसांतच चांगला लागू पडतो. पट्टी रोज सोडून पायावर सूज किंवा वळ नाही ना, हे पाहावे. पुढे पाय वाकू नयेत म्हणून नायसिनकडे (ब-3 जीवनसत्त्वाकडे) लक्ष द्यावे: बदकाच्या पिल्लाला एक किलो खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम नायसिन लागते, तर ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या) पिल्लाला सुमारे 35. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यावर ब्रुअर्स यीस्ट (बीअर बनवताना मिळणाऱ्या यीस्टची वाळवलेली पूड) भुरभुरले की ही उणीव बरीच भरून निघते. पाव फुगवायचे यीस्ट मात्र चालत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य त्याच्यापुढे कधीच ठेवू नये, कारण त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने पिल्लाच्या मूत्रपिंडांना इजा होते.

त्याला एकटे ठेवू नये. भावंडांपैकी सर्वांत शांत पिल्लू सोबतीला द्यावे. दांडगे दिले तर ते याच्या अंगावरूनच चालत जाईल. कोंबडीची पिल्ले सोबतीला नकोत, कारण बदके खोकेभर पाणी सांडतात आणि ओल्या अंथरुणात ती गारठतात.

बेंबी लाल, सुजलेली किंवा दुर्गंधी येणारी असेल तर पशुवैद्यकाला लगेच दाखवावे. तसे नसेल आणि पिल्लू न पडता सहा-सात पावले चालून स्वतः पाण्यापर्यंत जात असेल, तर अंधार पडल्यावर ते सोबत्यासह हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवावे आणि उजाडताच तिथे हजर राहावे, कारण कोंबडी त्याला टोचणार असली तर उजेडात टोचते. तिने नाकारले, तर दोन्ही पिल्ले घरात वाढवून, ऊब दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत, दिवसा तारेच्या जाळीआड कळपाच्या नजरेसमोर ठेवावीत. मोठ्या बदकांत, विशेषतः नरासमोर, ती सात-आठ आठवड्यांनी पूर्ण पिसे आल्यावरच मोकळी सोडावीत आणि तेही सुरुवातीला आपण समोर असतानाच.