कोंबड्यांचा कोरायझा आणि मुलाची सर्दी: उरलेल्या गोळ्या देऊ नका

नव्या कोंबड्या आणल्या, आठवड्याच्या आत जुन्यांची नाकं वाहू लागली, तोंडं सुजली, आणि त्याच सुमाराला मुलालाही सर्दी झाली. एकाची दुसऱ्याला लागली का, आणि मुलाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कोंबड्यांच्या पाण्यात टाकू का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर नाही.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय कोरायझावर जातो. हा आजार ॲव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनेरम या जिवाणूमुळे होतो (जुन्या पुस्तकांत हिमोफिलस म्हणून सापडेल) आणि तो माणसाला होत नाही. मुलाची सर्दी बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरसची असते. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, म्हणून तर सर्दी पुन्हा पुन्हा होते. ती कोंबड्यांना लागत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात आल्या, हा योगायोग.

कोंबडी हातात धरून नीट बघा. कोरायझात डोळ्याखालचा भाग फुगतो, कधी एकाच बाजूचा, आणि डोळा मिटून जातो. नाकपुडीच्या कडेला ओल्या स्रावावर भुसा आणि खाद्याचा चुरा चिकटलेला दिसतो. नाकपुडी हलकेच दाबली की चिकट पाणी येतं. ते हुंगून बघा, किळस वाटली तरी. कोरायझाला कुजकट घाण वास येतो आणि तो बऱ्याचदा खुराड्याच्या दारातच कळतो. दुसरी खूण वेगाची. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात आणि बघता बघता अख्खी बॅच शिंकू लागते. सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा कोंबड्यांचा दुसरा श्वसनाचा आजार, सावकाश पसरतो. त्यात डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसतो आणि घशात घरघर असते. दोन्ही एकत्र असले तर आजार लांबतो आणि मरही वाढते. एरवी निव्वळ कोरायझात मर कमी असते, फटका बसतो तो अंड्यांना. ती १० ते ४० टक्क्यांनी घटू शकतात.

शेणाचा वास डोळ्यांना झोंबत असेल तर आधी हवा खेळती करा. अमोनियानेही नाक-डोळे वाहतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी डोळ्यांत चिकट पू साठतो, पण ते असं धावत पसरत नाही.

आता गोळ्यांचं. मुलाला अँटिबायोटिकची गरज बहुधा नव्हतीच. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की लोक घाबरतात, पण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, त्यावरून जिवाणू आहेत असं ठरत नाही. साधी सर्दी सात-दहा दिवसांत जाते. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल, बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला, कान दुखला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांकडे न्या. नाक मोकळं करणारे थेंब लहान मुलाला स्वतःच्या मनाने घालू नका. मोठ्यांनीही ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्त चोंदतं.

कोंबड्यांच्या बाबतीत उलट आहे. इथे जिवाणू असल्याने औषध लागू पडतं. पण कोणतं आणि किती, हे पशुवैद्यकाने ठरवायचं. जमलं तर ताज्या लागणीच्या कोंबडीचा नमुना तपासून. शिवाय औषध चालू असताना आणि नंतर ठरलेले दिवस अंडी खायची नसतात. ते दिवस औषधागणिक वेगळे. मुलाच्या गोळीच्या पाकिटावर हा हिशोब कुठून मिळणार?

लोक फसतात ते यापुढे. औषधाने सूज उतरते, कोंबडी खाऊ-पिऊ लागते, पण जिवाणू तिच्या नाकात टिकून राहतो. तुमच्या नव्या कोंबड्या दिसायला ठणठणीत होत्या असं तुम्ही लिहिलंय. बहुधा त्या अशाच बरं होऊन वाहक बनलेल्या होत्या. कोंबडीबाहेर हा जिवाणू दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही. म्हणजे खुराडं साफ करून रिकामं ठेवलं की सुटका होते, कोंबड्या ठेवल्या तर होत नाही. माझं मत विचाराल तर पाच-पन्नास कोंबड्या असतील आणि त्यांत जीव गुंतला असेल तर उपचार करा, त्याच ठेवा आणि कळप बंद समजा: नवी आणायची नाही, इथली कुणाला द्यायची नाही. अंड्यांचा धंदा असेल तर ही बॅच काढा, धुऊन वाळवा, दोन-तीन आठवडे रिकामं ठेवा आणि एकाच वयाच्या तलंगा (अंड्यांवर न आलेल्या तरुण कोंबड्या) एकदम भरा. हा आजार अंड्यातून पिल्लात जात नाही, त्यामुळे पिल्लांपासून सुरुवात करणं सगळ्यात बरं. लस आहे, पण जिवाणूचे ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर भरवशाची नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. कोंबड्या पटापट मरू लागल्या, तुरे निळे पडले किंवा माना वाकड्या झाल्या, तर हा कोरायझा नव्हे. बर्ड फ्लू किंवा राणीखेत असू शकतो आणि हे दोन्ही माणसाला लागू शकतात. राणीखेत माणसाला लागला तर सहसा फक्त डोळे येतात. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, मुलाला लांब ठेवा, पशुवैद्यकीय खात्याला लगेच कळवा.

वास येतोय का, अंडी किती घटली आणि नव्या कोंबड्यांपैकी कुणी शिंकतंय का, एवढं कळवा. मग पुढचं सांगता येईल.