मधल्या किमतीची इलेक्ट्रिक गिटार घ्यावी, की थांबून थेट महागडीच?

तुम्ही विचारलंय की स्वस्तातल्या गिटारवर हात बसला, आता यामाहा पॅसिफिका ११२व्ही घेऊ की अजून पैसे साठवून एकदम महागडी, आणि हिचे फायदे-तोटे काय. घ्या. बिनधास्त घ्या. "मधलं काही घेऊ नकोस, पैसे वाया जातात" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी म्हटलं तरी डोकं सटकतं.

आमच्या बँडमध्ये लीड वाजवणारा एक सिनियर होता, हात खरंच चांगला होता त्याचा, त्याच्याकडे महागडी अमेरिकन गिटार. माझ्याकडे मधल्या किमतीची, पॅसिफिका नाही पण त्याच वर्गातली. माझी "जी" (G) सुराची तार, म्हणजे जी स्ट्रिंग, बेंड केली (बोटाने आडवी ढकलून सूर चढवला) की तिचा सूर उतरायचा. प्रत्येक प्रॅक्टिसला हा गडी गाणं मध्येच थांबवणार, सगळ्यांसमोर म्हणणार "आधी ट्यून कर", आणि वर "या रेंजच्या गिटारी ट्यूनिंग धरतच नाहीत, कितीही कर." कार्यक्रमाच्या आधी तर त्याने सरळ सांगितलं की तू माझी स्पेअर घे, ही स्टेजवर नको. ते मला फार लागलं.

मी गिटार घेऊन एका रिपेअरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कंपनी बघितली नाही, किंमत विचारली नाही. जी स्ट्रिंगची चावी हळूहळू फिरवली आणि नटमधून (नेकच्या टोकाची खाचा असलेली पट्टी, जिच्यावरून तारा चाव्यांकडे जातात) बारीकसं "टिंग" ऐकू आलं. मग स्ट्रिंग ट्यून केली, जोरात बेंड केली, सोडली, सूर उतरलेला. आणि नट आणि चावी यांच्या मधल्या भागावर नुसतं बोटाने दाबलं तर सूर परत जागेवर! म्हणजे तार नटच्या खाचेत अडकत होती, बेंड केल्यावर पुढे सरकायची आणि मागे यायचीच नाही. काकांनी पातळ कानस घेतली, हेडस्टॉकच्या (जिथे चाव्या असतात त्या टोकाच्या) बाजूला किंचित उतार देत तीन-चार हात मारले, खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं, झालं. त्यानंतर मी पूर्ण कार्यक्रम त्याच गिटारवर वाजवला. सिनियरचं म्हणणं तरी तेच, "महाग ती महागच."

तर माझं म्हणणं असं की या रेंजमध्ये लाकूड आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं-कॉइल) यांची काळजी करायचं कारण नाही. ११२व्हीला अल्डरची बॉडी, मेपलचा नेक, अल्निको ५ (एक प्रकारचं चुंबक) पिकअप, ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि टोनचा नॉब वर ओढला की तोच हंबकर सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) होतो, म्हणजे एकाच गिटारवर क्लीन (स्वच्छ) आवाजही वाजतो आणि डिस्टॉर्शनही (फाटका, जड आवाज). बॉडी आणि नेक आता मशीनवर कापले जातात, त्यामुळे माप चुकत नाही. या वर्गात पैसे वाचवतात ते हाताच्या कामात. नट प्लॅस्टिकचा आणि खाचा जेमतेम कापलेल्या, फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं घासलेली नाहीत (कोरड्या हवेत लाकूड आकसलं की ती बोटाला टोचतात), पॉट (नॉबखालचे भाग) आणि स्विच कालांतराने खरखरायला लागतात, ट्रेमोलोचा (आर्म, म्हणजे दांडी, दाबून सूर खाली-वर करणाऱ्या ब्रिजचा) ब्लॉक हलक्या धातूचा. यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त होतं, आणि महागड्या गिटारच्या फरकाच्या रकमेपेक्षा खूपच कमी पैशात होतं. म्हणून गिटार घेताना सेटअपचे (असं सगळं नीट जुळवून घेण्याचे) पैसे बाजूला ठेवूनच घ्या.

पिकअप बदलायला लगेच धावू नका, सगळे तेच सांगतात, आमचा सिनियरही. आधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पिकअपची उंची बदलून बघा. सिंगल कॉइल तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो, सूर डगमगतो, नोट लवकर मरते, आणि लोक म्हणतात गिटार बेकार. आणि सिंगल कॉइलची गुणगुण हा स्वस्तपणाचा दोष नाहीच, कितीही महाग सिंगल कॉइल घ्या, ती असतेच. तेवढ्यासाठीच तर गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकर बनवला.

हां, एक आहे, तुम्हाला आर्म दाबून तारा पार सैल करायच्या असतील तर साध्या सहा स्क्रूच्या ट्रेमोलोवर ते जमणार नाही, मग लॉकिंग ट्रेमोलोवालीच (जिच्यात तारा घट्ट आवळून धरलेल्या असतात) गिटार बघा. आणि दुकानात हेडस्टॉककडून बॉडीकडे एका डोळ्याने बघा, नेक सरळ दिसला पाहिजे. थोडा पुढे-मागे वाकलेला असेल तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली धातूची सळई, ती पिळून वाक कमी-जास्त करता येतो) सुधारतो, पण पिळलेला असेल तर तो पीस परत ठेवा आणि त्याच मॉडेलचा दुसरा मागा.