फुटाच्या दरावर नको, एकूण आकड्यावर बोला
घर-खरेदी : वाचकांचे प्रश्न

कोल्हापुरात देवकर पाणंद भागात दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला आहे. कार्पेट ७२० चौरस फूट, तिसरा मजला. सगळे स्लॅब पडलेत, आतलं प्लॅस्टर सुरू आहे. फ्लॅटचे ४५ लाख, पार्किंगचे दीड लाख, मीटर-ट्रान्सफॉर्मर आणि कागदपत्रांचा १ लाख असे साडेसत्तेचाळीस लाख सांगितलेत. जीएसटी वेगळा. आजूबाजूला फ्लॅट पडून आहेत, भाव उतरलेत असं सगळेच म्हणतात. बिल्डर मात्र 'दर फिक्स आहे' म्हणतो. किती मागावं आणि कसं? – वाचक, मंगळवार पेठ

'सगळेच म्हणतात' यावर बोलणी करायला जाऊ नका, आधी पुरावा हातात घ्या. तो फुकट मिळतो. नोंदणी विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाका. शहरात वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर लागतो. दोन्ही महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या पानावर किंवा बिल्डरच्या माहितीपत्रकात सापडतात. त्या मिळकतीवर झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २ समोर येते. तिच्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि तारीख असते. क्षेत्र बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा. ते कार्पेट (बाहेरच्या भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (त्या भिंती धरून) हेही बघा, नाहीतर तुलना फसते. त्याच इमारतीतले गेल्या दीड वर्षातले चार-पाच दस्त तारखेप्रमाणे मांडले की भाव कुठे चाललाय ते कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरं पान महारेराचं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की एकूण सदनिका किती, बुक किती, काम पूर्ण करण्याची तारीख कोणती आणि ती आधी किती वेळा वाढवली हे दिसतं. तारीख जवळ आलेली आणि निम्म्या सदनिका शिल्लक, अशी स्थिती असेल तर 'फिक्स' या शब्दाला फारसा अर्थ नाही.

तरीही बिल्डर फुटाचा दर सहज उतरवणार नाही, आणि त्याची कारणं खरी असतात. दर उतरवला की आधी घेतलेले ग्राहक दारात येतात. प्रकल्पावर बँकेचं कर्ज असेल तर उरलेल्या सदनिकांची किंमत बँकेच्या नजरेत खाली जाते. म्हणून दरावर डोकं आपटण्यात अर्थ नाही. त्याने जाहीर केलेला आकडा तसाच ठेवून तुमच्या खिशातून जाणारी रक्कम कमी करता येते का, ते पाहायचं. तुमच्या बाबतीत ते चांगलंच जमण्यासारखं आहे, कारण तुमचा व्यवहार जीएसटीच्या एका सीमारेषेवर उभा आहे.

बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के. पण कोल्हापूरसारख्या महानगर नसलेल्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ९६८ चौरस फूट, आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तर तो १ टक्का. तुमचा फ्लॅट सुमारे ६७ चौरस मीटरचा, म्हणजे क्षेत्राची अट सहज पुरी होते. अडतंय ते रकमेवर. या ४५ लाखांत पार्किंग, विकास शुल्क, मजल्याचे किंवा जागेचे जादा पैसे असं बिल्डरने आकारलेलं सगळं धरलं जातं. फ्लॅट ४५ चा आणि वर अडीच लाख वेगळे असले की दर ५ टक्के होतो.

आता मांडून बघा. ४७,५०,००० वर ५ टक्के जीएसटी २,३७,५००, एकूण ४९,८७,५००. पार्किंग-मीटरसकट ४५,००,००० वर १ टक्का ४५,०००, एकूण ४५,४५,०००. फरक ४,४२,५०० रुपयांचा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर तिथेही १५,००० वाचतात. नोंदणी फीची कमाल ३०,००० आहे, ती दोन्हीकडे सारखीच. म्हणजे बिल्डरने अडीच लाख सोडले की तुमचे साडेचार लाखांहून अधिक वाचतात, आणि फ्लॅट ४५ लाखांना गेला हे त्याला पुढच्या ग्राहकालाही सांगता येतं. बोलणी याच मुद्द्यावर करा. सुरुवात सगळं धरून ४३ पासून करा. ४५ च्या वर जाऊ नका. साडेपंचेचाळीसवर तडजोड केलीत तर वरच्या पन्नास हजारांसाठी पावणेदोन लाखांहून जास्त जीएसटी वाढेल.

'करार ४५ चा करू, वरचे दोन लाख जादा कामाचे रोख द्या' असा प्रस्ताव हमखास येतो. ठाम नाही म्हणा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं-देणं आयकर कायद्याने बंद आहे. व्यवहार मोडला तर ते पैसे परत मागायला तुमच्याकडे कागदही नसतो.

उतरत्या बाजारात एक खालची मर्यादाही लक्षात ठेवा : रेडी रेकनर, म्हणजे मिळकतींच्या सरकारी दरांचा तक्ता. बाजार खाली आला तरी तो तक्ता सहसा खाली येत नाही. करारातली रक्कम आणि रेकनरचं मूल्य यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेकनरचं मूल्य करारातल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर तो सगळा फरक तुमचं उत्पन्न धरून आयकर लागतो. समजा रेकनर ५० लाख आणि करार ४३ चा. फरक ७ लाख, मर्यादा ४ लाख ३० हजार. इथे ७ लाखांवर कर बसेल. बिल्डरलाही अशीच अडचण येते, म्हणून कधीकधी तो खरंच कमी करू शकत नाही. बोलणीआधी दस्त करणाऱ्या वकिलाकडून मूल्यांकन काढून घ्या.

बोलणी विक्री कार्यालयातल्या माणसाशी संपवू नका. त्याच्या हातात फार तर पार्किंग असतं. आकडा भागीदाराच्या हातात असतो. जाताना बँकेचं कर्ज मंजुरीपत्र आणि एका कागदावर लेखी प्रस्ताव न्या : सदनिका क्रमांक, कार्पेट, सगळं धरून रक्कम, किती दिवसांत करार नोंदवणार, प्रस्ताव किती दिवस खुला. सात दिवस पुरेत. कोल्हापुरात अशा व्यवहारांत कुणाचा तरी पाहुणा, कुणाचा तरी वर्गमित्र मध्ये असतोच. त्याने ओळख करून द्यावी, शब्द द्यावा. पण आकडा कागदावरच यावा. 'घरचंच हाय, लिहायला कशाला पाहिजे' हे ऐकून पुढे वाईटपणा आलेली घरं कमी नाहीत.

दर कमी करत नाहीत. त्याऐवजी मॉड्युलर किचन, दोन एसी आणि 'स्टॅम्प ड्युटी आमची' असं म्हणतात. घ्यावं का? – वाचक, शाहूपुरी

या तिघांची लायकी सारखी नाही. मुद्रांक शुल्काची सूट सर्वांत चांगली, कारण ते पैसे बहुधा कर्जात बसत नाहीत, रोख उभे करावे लागतात. ४५ लाखांवर २ लाख ७० हजार होतात. दस्त फक्त घरातल्या स्त्रीच्या नावे केला तर १ टक्का सवलत मिळते. ती धरून सूट किती रुपयांची ते करारात लिहून घ्या.

किचनची किंमत बिल्डर त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे सांगतो. तुम्ही बाहेर सुताराकडून किंवा दुकानातून त्याच मापाचा अंदाज घ्या. प्लायचा दर्जा, शटरचं साहित्य, बिजागऱ्या आणि चॅनेलची कंपनी धरून. मग बिल्डरला विचारा, 'हे नको, याचे किती वजा करता?' तो जे सांगेल ती त्या भेटीची खरी किंमत.

उघड्यावरचं पार्किंग 'मोफत' म्हणून सूट दाखवत असतील तर ती सूट धरू नका. उघडं पार्किंग सामाईक जागेत येतं, ते विकताच येत नाही. छताखालचं असेल तर क्रमांक, लांबी-रुंदी आणि जागा नकाशासह कराराला जोडून घ्या. खांबामुळे गाडीचं दार उघडत नाही, हे ताबा घेतल्यावर कळून उपयोग नाही.

भेटी देऊन करारातली रक्कम फुगवलेली असली की आणखी एक अडचण येते. बँक आपला मूल्यांकनकार पाठवते, आणि त्याचा आकडा कमी आला तर कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं. उतरत्या बाजारात हे बऱ्याचदा होतं. मधली रक्कम मग तुम्हालाच उभी करावी लागते.

भाव अजून उतरतील असं वाटतं. आम्ही १२,००० भाड्याने राहतो. वर्षभर थांबावं का? – वाचक, राजारामपुरी

वर्षाचं भाडं १,४४,०००, म्हणजे ४५ लाखांच्या घराच्या साधारण ३.२ टक्के. भाव त्याहून जास्त उतरेल असं सूची क्रमांक २ मधल्या दस्तांवरून दिसत असेल, तरच थांबण्यात पैसा आहे.

पण आमच्या मते उतरत्या बाजारातला मोठा धोका दोन टक्के जास्त देण्याचा नसतो, काम अडकण्याचा असतो. विक्री थंडावली की बिल्डरकडे पैसा येत नाही, आणि सर्वांत मोठी सूट नेमका ज्याचं काम अडलंय तोच देतो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन राहण्याजोगी झाल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या इमारतीत शिल्लक फ्लॅट असेल तर तिथे जोर लावून घासाघीस करा आणि घेऊन टाका. त्यावर जीएसटीही नाही. 'रेडी आहे, जीएसटी नाही' असं कुणी म्हणालं तर प्रमाणपत्राची प्रत मागा. रंग लागला म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं नसतं. जोत्याच्याही वर न आलेलं काम असेल, तर कितीही सूट असली तरी थांबा.

मधल्या टप्प्यावरचं घर घेत असाल तर हप्त्यांवर किमतीइतकीच घासाघीस करा. महाराष्ट्राच्या नमुना करारात कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत : करारापूर्वी १० टक्के, करार झाल्यावर ३०, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-प्लॅस्टर-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, पुढच्या टप्प्यांनी ९५ पर्यंत, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. 'आत्ता ९० टक्के भरा, दोन लाख कमी करतो' या प्रस्तावात तुम्ही बिल्डरला बिनतारण उसने पैसे देत असता. झालेल्या कामापुढे एक पैसाही देऊ नका. ताबा लांबला तर व्याज मिळण्याचा हक्क आहे, स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (कर्जाच्या आधारदरावर) आणखी २ टक्के, पण अडकलेल्या बिल्डरकडून ते वसूल करायला वर्षं जातात.

वेळ निवडायची झाली तर पितृपक्षात जा. बुकिंग जवळपास थांबलेली असतात आणि दसऱ्याच्या आत काही व्यवहार व्हावेत असं बिल्डरला वाटत असतं. मार्चचा दुसरा पंधरवडाही चांगला. पाडव्याला किंवा प्रदर्शनात गर्दीपुढे कुणी आकडा सोडत नाही. तिथे फक्त माहितीपत्रकं गोळा करा.

नदीकडच्या भागात फ्लॅट स्वस्त मिळतोय. बिल्डर म्हणतो, हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, वर्षात भाव चढतील. – वाचक, कागल

सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं हे खरं. वकिलांची, पक्षकारांची ये-जा वाढणार हेही खरं. त्याने भाड्याच्या छोट्या घरांना आणि कार्यालयांना मागणी येईल. पण प्रत्येक गल्लीतला प्रत्येक फ्लॅट त्यामुळे महाग होत नाही. उद्याच्या भावाचे पैसे आज देऊ नका.

पुराचं मात्र नीट बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेलं होतं. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या मिळकतीवर निळी किंवा लाल पूररेषा येते का ते लेखी घ्या. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर दोन्ही वर्षांच्या खुणा सापडतात. टेप लावून रस्त्यापासून उंची मोजा.

चौथ्या मजल्यावर पाणी येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मीटर पॅनल, पाण्याचा पंप, जनरेटर आणि लिफ्टचा खड्डा खाली असतो. तो बुडाला की वरची सगळी घरं वीज-पाण्याविना राहतात. मीटर पॅनल आणि जनरेटर पुराच्या खुणेच्या वर चढवून देणं ही अट करारात घाला. बिल्डर तयार नसेल तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी घेऊ नका.

गेल्या वर्षी बुक केलेल्याच इमारतीत आता तीन लाख कमी सांगतात. आम्हाला फरक मागता येईल का? – वाचक, इचलकरंजी

करार नोंदवला असेल तर कायद्याने फरक मागता येत नाही. फक्त वाटपपत्र, म्हणजे बुकिंगच्या वेळी बिल्डर देतो ते पत्र असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे बुकिंग रद्द केल्यास १५ दिवसांत काही कापता येत नाही, १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि नंतर २ टक्के. ४५ लाखांवर २ टक्के म्हणजे ९०,०००. फरक तीन लाखांचा. आधी हे गणित लेखी पाठवून त्याच सदनिकेची रक्कम कमी करून मागा. बहुतेक बिल्डर बुकिंग गमावण्यापेक्षा ते मान्य करतात. करार नोंदवलेला असला तरी ताब्याची तारीख उलटून गेली असेल, तर व्याजासह पूर्ण रक्कम परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरायचा नसला तरी नोटिशीत नमूद करा. छताखालचं पार्किंग किंवा दोन वर्षांचा देखभाल खर्च त्या बदल्यात मिळू शकतो.