हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ: नव्याने हिशेब करणाऱ्यांसाठी सल्ला

दोन विमानतळांमधील अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वी गोलाकार असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्ताच्या कमानीवरून (पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या तुकड्यावरून) जातो, आणि म्हणूनच लंडन ते न्यूयॉर्क हे सुमारे 5,550 किलोमीटरचे अंतर कापणारे विमान नकाशावर उत्तरेकडे वळल्यासारखे दिसते. आकडा सागरी मैलांत दिला असेल, तर त्याला 1.852 ने गुणावे म्हणजे किलोमीटर मिळतात.

खरी कसोटी वेळेची आहे. मोठी जेट विमाने उंचावर ताशी साधारण 850 ते 900 किलोमीटर वेगाने उडतात. परंतु अंतराला या वेगाने भागून आलेले उत्तर अपुरे असते, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणे यांत अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ सहज जातो. छोट्या मार्गांवर हा वाटा फार मोठा ठरतो. त्यातच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे, हिवाळ्यात अधिक प्रबळ होतात, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला येण्यास साधारण सात तास लागत असले, तरी परतीला सुमारे आठ लागतात.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत (UTC) बदला. जोडविमान (वाटेत बदलून घ्यायचे पुढचे विमान) ठरवताना ही काळजी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.