मुलगी दहा महिन्यांची आणि मी पुन्हा गरोदर. तिच्या नव्या-नव्या गोष्टींचा आनंद तिच्यापुरता कसा ठेवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहा महिन्यांची आहे, तुम्हाला चौथा महिना चालू आहे, आणि दुसरं बाळ येईल तेव्हा ती जेमतेम सव्वा वर्षाची असेल. ती आता धरून उभी राहते, टाळ्या वाजवते. तिचं काही नवं दिसलं की तुम्हाला आनंद होतो आणि पाठोपाठ मनात हिशोब सुरू होतो. मग अपराधी वाटतं. हा आनंद फक्त तिचा म्हणून साजरा करता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

येतो, नक्की येतो. माझ्या दोन मुलांत जवळपास तुमच्याइतकंच अंतर आहे आणि माझ्या मते त्यासाठी मुख्य गोष्ट एकच करायची: तिची वाढ आणि तुमच्या प्रसूतीची तारीख यांची मनात बसलेली गाठ सोडवायची.

तो हिशोब मला तोंडपाठ आहे. उभी राहिली, म्हणजे लवकर चालेल. चालली की कडेवर कमी घ्यावं लागेल. हाताने खायला लागली, म्हणजे धाकट्याला पाजताना ती आपली आपण खाईल. यात गैर काही नाही, दोन लहान मुलं सांभाळायची म्हणजे डोकं पुढे धावणारच. पण असं रोज होत गेलं की तिची प्रत्येक नवी गोष्ट आपली सोय होऊन बसते आणि जे अजून जमत नाही ते अडचण वाटायला लागतं. उभं राहणं हा तिचा पराक्रम आहे. तिला त्यात पुढच्या पाच महिन्यांचं काही ठाऊक नाही.

शिवाय तो हिशोब बरोबर येईल याची खात्रीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली जे निष्कर्ष मांडले, त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय 8.2 ते 17.6 महिने एवढं पसरलेलं होतं. जवळजवळ साडेनऊ महिन्यांचा फरक, आणि ही सगळी निरोगी मुलंच. याच पाहणीत सुमारे 4 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 मध्ये वाढीच्या टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. म्हणजे तुमची मुलगी दुसरं बाळ येण्याआधी चालेल किंवा नंतरही चालेल, आणि दोन्ही अगदी ठीक असेल. तयारी करायचीच तर दोघंही उचलून घ्यावी लागतील असं धरून करा. त्या काळात घरात मदतीला कोण असेल, ते आत्ताच ठरवा. ती आधी चालली तर उत्तमच, पण त्यासाठी तिच्या पायांकडे डोळे लावून बसू नका. ती दिवस भरण्याआधी जन्मली असेल, तर तिचं वय मोजताना प्रसूतीची अपेक्षित तारीख धरायची हेही लक्षात ठेवा.

आता साजरं करण्याबद्दल. उभं राहणं, चालणं, पहिला शब्द या ठळक गोष्टी सगळ्यांच्या लक्षात येतात. दहा महिन्यांच्या आसपास त्याहून कितीतरी जास्त काही घडत असतं आणि ते आईबापांच्या नजरेतून सहज निसटतं. माझा थोरला या वयात एकदा दुपट्यावर बसला होता. दुपट्याचा एक बारीक सुटा धागा होता, आणि तो धरण्यासाठी आधी त्याने सगळा पंजा त्यावर आपटला. धागा हाती आला नाही. मग त्याने बाकीची बोटं मिटून घेतली, अंगठा आणि तर्जनी तेवढी पुढे केली आणि तोंड उघडं टाकून, श्वास धरून, तो धागा चिमटीत उचलला. उचलल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून मला तो दाखवला. सगळं मिळून मिनिटभराचं काम. मळमळीमुळे मी शेजारीच आडवी पडले होते, म्हणूनच मला ते दिसलं. चिमटीत पकडायला मुलं साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात शिकतात हे मला माहीत होतं, पण ते शिकताना चेहऱ्यावर इतकी मेहनत दिसते हे माहीत नव्हतं.

तुम्हालाही थकवा असेल. त्या थकव्याचाच असा उपयोग करून घ्या. जमिनीवर तिच्या उंचीला आडवं व्हा, खोली तिच्यासाठी सुरक्षित करा आणि तिलाच तुमच्याकडे येऊ द्या. रुमालाखाली वस्तू लपवली तर ती रुमाल उचलून शोधते का बघा. नजरेआडची वस्तू नाहीशी झालेली नाही हे तिला आता उमगायला लागलंय. याच समजेमुळे तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की ती रडते. लोक म्हणतील, 'बघ, आत्तापासून चिकटतेय, पुढे कसं होणार?' हे चिकटणं हाही वाढीचा टप्पाच आहे, साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ते सगळ्यात जास्त असतं, आणि तुम्ही गरोदर नसतात तरी ते झालंच असतं.

बोटाने दाखवणं तर मला चालण्याहूनही मोठं वाटतं. नऊ ते चौदा महिन्यांच्या मधे कधीतरी ती पंख्याकडे किंवा खिडकीतल्या पक्ष्याकडे बोट करेल आणि मग वळून तुमच्याकडे बघेल. तिला पक्षी नको असतो, तो तुम्हीही बघावा एवढंच हवं असतं. त्या क्षणी हातातलं काम ठेवून तिकडे बघा आणि पक्ष्याचं नाव घ्या. यापेक्षा मोठा सोहळा तिला नको असतो.

फोटो आणि व्हिडिओबद्दल माझं मत जरा कडक आहे. दहा सेकंदांचं चित्रण घ्या आणि फोन खाली ठेवा. रात्री तारीख घालून एक ओळ लिहा: काय केलं, तेव्हा कुणाकडे बघितलं, आवाज कसा काढला. दुसरं बाळ आल्यावर हे दिवस एकमेकांत इतके मिसळतात की कोणाचं काय कधी झालं हे सांगता येत नाही. त्या ओळी हाताशी असल्या की फार बरं वाटतं.

घरच्यांना आणि नातेवाईकांना मात्र एक गोष्ट आत्ताच सांगा. तिच्या प्रत्येक कौतुकाला 'आता ताई होणार ना!' हे शेपूट लावू नका. ती उभी राहिली, ताई होणार. शहाण्यासारखी झोपली, ताई होणार. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, पण त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांची नजर बदलते. दहा महिन्यांचं बाळ सगळ्यांना एकदम मोठं दिसायला लागतं, आणि मग त्याच्याकडून मोठ्या मुलाची समजूत अपेक्षित होते. सव्वा वर्षाची मुलगीही बाळच असते. ताईपण तिच्या वेळेने येईल, बहुधा धाकटं तिच्याकडे बघून हसायला लागेल तेव्हा.

पोटात बाळ आहे हे तिला या वयात समजावून सांगता येत नाही, त्यामुळे ते कसं सांगू याची चिंता सोडा. तिला कळतात ते प्रत्यक्षातले बदल: मांडी लहान झाली, आई लवकर दमते, रात्री दुसरंच कुणी थोपटतं. जे बदल करावेच लागणार आहेत, झोपवणारी व्यक्ती किंवा झोपायची जागा, ते प्रसूतीच्या निदान दोन महिने आधी आणि एका वेळी एकच करा. शेवटच्या आठवड्यात सगळं एकदम बदललं की तिच्या दृष्टीने बाळ आलं आणि आपलं सगळं गेलं असं होतं. नवजात बाळाला आणि तिला एकाच अंथरुणावर झोपवायचं नाही, धाकट्याची जागा वेगळीच हवी. ते सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

अंगावर पाजत असाल तर त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण याच बाबतीत सल्ले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात उलटसुलट मिळतात. गरोदरपण सुरळीत असेल तर पाजणं चालू ठेवता येतं, पोटातल्या बाळाचं पोषण त्यामुळे तुटत नाही. आधी मुदतपूर्व प्रसूती झाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा जुळं असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. स्तनाग्रं फार दुखतात, सहन होत नाही असं वाटतं, आणि तसं वाटण्यात काही चूक नाही. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास पुष्कळ जणींचं दूध कमी होतं, चव बदलते, आणि पुढे तर चीकच यायला लागतो. काही मुलं तेव्हा आपणहून सोडतात. तुमची मुलगी वर्षाच्या आतली आहे, तिच्या आहारात दुधाचा वाटा अजून मोठा आहे. म्हणून दूध कमी झाल्यासारखं वाटलं तर तिचं वजन बघा आणि वरचं दूध कोणतं, किती द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. पाजणं थांबलं तरी त्या वेळची जवळीक थांबवू नका. तीच जागा, तीच वेळ, तिला कुशीत घेऊन.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू पसरू शकतो. मुलांना त्याचा सहसा काही त्रास होत नाही, पण गरोदरपणात आईला संसर्ग झाला तर क्वचित पोटातल्या बाळाच्या ऐकण्यावर आणि वाढीवर परिणाम होतो. मुलीचं उष्टं पटकन आपल्या तोंडात टाकायचं, तिच्याच चमच्याने चव बघायची, ही आपली सगळ्यांची सवय. ती काही महिने बाजूला ठेवा. लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने हात धुवा आणि पापी ओठांऐवजी डोक्यावर घ्या. घाबरायचं कारण नाही, एवढ्या काळजीने धोका बराच कमी होतो.

उचलून घेण्याबद्दलही लोक दटावतील. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, म्हणजे वार खाली नाही, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला नाही, रक्त जात नाही, तर तिला कडेवर घ्यायला हरकत नाही. कमरेतून वाकू नका; गुडघ्यांत वाकून, तिला अंगाशी धरून उठा. शेवटच्या महिन्यांत बसून मांडीवर घेणं जास्त बरं.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीचंही बघा. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा होईपर्यंत निदान 24 महिने जावेत असं सांगते. तुम्ही आधीच गरोदर आहात, त्यामुळे हे वाचून मनाला लावून घ्यायचं नाही. याचा उपयोग एवढाच, की डॉक्टरांना पहिल्या प्रसूतीची तारीख आणि ती कशी झाली, विशेषतः सिझेरियन असेल तर ते, पहिल्याच भेटीत सांगायचं. लोहाचा साठा पुरता भरलेला नसतो, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि गोळ्या चुकवू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मुलीत रमलं की पोटातल्याकडे दुर्लक्ष होतंय असं वाटतं. दुसऱ्या खेपेला पोटातली हालचाल थोडी आधी जाणवते, अनेकींना सोळाव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे तुम्हाला आता कधीही. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ बाहेरच्या आवाजांना प्रतिसाद देतं. मुलीबरोबर तुम्ही हसता, टाळ्या वाजवता, तिच्याशी बडबड करता, तेव्हा पोटातल्या बाळालाही तुमचा आवाज मिळतच असतो. त्याच्यासाठी निराळं काही करायला हवं असं नाही.

बाळ आल्यावर मुलगी काही दिवस मागे गेल्यासारखी वाटेल. चालत असेल तर पुन्हा रांगेल, रात्री उठेल, बाटली मागेल. हे बहुतेक मुलांचं होतं आणि जातं. रागावू नका, चिडवूही देऊ नका. मात्र शिकलेले शब्द किंवा नजर देणं नाहीसं झालं, नाव घेतल्यावर बघत नसेल, किंवा अठरा महिने झाले तरी चालत नसेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसंच तुम्हाला स्वतःला, आत्ता किंवा प्रसूतीनंतर, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत राहिलं, कशातच आनंद वाटेना, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

आणि एक शक्यता धरून ठेवा. धाकटं सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिल्यांदा ओळखीचं हसेल, आणि नेमक्या त्याच सुमाराला थोरली पहिली पावलं टाकेल, असंही होऊ शकतं. त्या दिवसांत घरात दुसरं माणूस असेल तेव्हा धाकट्याला थोडा वेळ त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही तिच्यासमोर खाली बसा. चार पावलांवर, हात रिकामे ठेवून.