स्पेसर लावल्याने चाकाचे बेअरिंग जाते का?

प्रश्न : लातूर–अंबाजोगाई रस्त्यावर माझे रोजचे जाणे-येणे आहे. माझ्या हॅचबॅकची चाके मडगार्डच्या फार आत दिसतात, म्हणून चारही चाकांना २० मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर आणण्यासाठी त्याच्या मागे बसवायच्या जाड चकत्या) लावावेत असे वाटते. दुकानदार म्हणतो, गाडी रस्ता घट्ट धरील. आमचे मिस्त्री म्हणतात, सहा महिन्यांत बेअरिंग जाईल. खरे काय? – एक वाचक, लातूर

उत्तर : दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही अर्धेच सांगितले आहे. गाडीचा आराखडा करताना टायरची मध्यरेषा बेअरिंगच्या मध्याजवळ येईल असे पाहिलेले असते, म्हणजे बेअरिंगमधल्या गोळ्यांच्या दोन्ही ओळींवर भार सारखा वाटला जातो. स्पेसर चाकाला बाहेर ढकलतो आणि तोच भार बाहेरच्या ओळीवर अधिक पडू लागतो. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार धरला, तर २० मिलिमीटरमुळे सुमारे ६० न्यूटन-मीटरचा जादा पीळ बेअरिंगवर येतो; चाकाचा नट आवळताना आपण पान्यावर जो जोर देतो, त्याच्या निम्म्याहून हा अधिक आहे आणि गाडी सरळ चालत असतानाही तो सतत राहतो. खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर भार कित्येक पटींनी वाढतो आणि पीळही तितकाच वाढतो. त्यामुळे सहा महिन्यांचा हिशेब कोणी छातीठोकपणे सांगू नये, पण आपल्याकडच्या रस्त्यांवर आयुष्य घटणार हे नक्की. मात्र दोष त्या चकतीचा नाही, अंतराचा आहे. कमी ऑफसेटची, म्हणजे मुळातच अधिक बाहेर बसणारी, अलॉय चाके घेऊन चाक तेवढेच बाहेर आणले, तरी बेअरिंगवर तेवढाच पीळ येतो.

गाडीच्या चालीबद्दल मला अधिक काळजी वाटते. दोन्ही बाजूंनी मिळून चाकांमधील अंतर ४० मिलिमीटरने वाढते आणि वळणावर बाहेरच्या चाकावर सरकणारा भार किंचित घटतो, इथवर दुकानदार बरोबर आहे. परंतु स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळते, ती रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून टायरचा मध्यही जवळजवळ तेवढाच बाहेर सरकतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते. अशा वेळी डावे चाक चिखलावर आणि उजवे कोरड्या डांबरावर असताना ब्रेक दाबला, तर ज्या बाजूला पकड आहे त्या बाजूला स्टिअरिंग ओढले जाते. पुष्कळ गाड्यांत ही ओढ आवरण्यासाठीच त्या रेषेपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर मुद्दाम अगदी कमी किंवा उलट्या बाजूला ठेवलेले असते, आणि स्पेसर नेमके तेच घालवतो.

नटाकडे तर दुर्लक्ष करूच नका. स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) १२ मिलिमीटर जाडीचा आणि त्याच्या दोन आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर असेल, तर नट किमान आठ फेरे बसला पाहिजे. नुसती सरकवून बसवायची चकती आपल्या जाडीइतकी स्टडची लांबी खाऊन टाकते. २० मिलिमीटरचा स्पेसर हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) स्वतंत्र नटांनी आवळला जाणारा आणि स्वतःचे स्टड असलेलाच हवा, त्याचे मधले भोक हबवर नेमके बसले पाहिजे, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासले पाहिजेत. रोजच्या वापराच्या गाडीला, विशेषतः पुढच्या चाकांना, स्पेसर लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जुन्या मालकाने स्पेसर लावलेली गाडी घेतली आहे. पुढून घोंगावल्यासारखा आवाज येतो. टायरचा की बेअरिंगचा? – एक वाचक, बीड

उत्तर : मोकळ्या रस्त्यावर हलकेच उजवीकडे वळवून पाहा. आवाज वाढला तर डाव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा, कारण तेव्हा भार डावीकडे जातो. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. त्यात खेळ (ढिलेपणा) जाणवतो का ते पाहा. नंतर चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर बोटे टेकवा. खरखर बोटांना लागली तर बेअरिंग बदला आणि त्याच वेळी स्पेसरही काढा, नाहीतर नव्या बेअरिंगवरही तोच पीळ येत राहील.