मोबाइलच्या नोंदी : वितरित, विकेंद्रित की विखुरलेल्या?

दूरसंचार शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय. त्याच्या मराठी टिपणातलं वाक्य असं : 'मोबाइलच्या विकेंद्रित विदा व्यवस्थापन प्रणालीत प्रतिकृतींची सुसंगतता राखणे अत्यावश्यक असते.' ('विदा' म्हणजे डेटा.) शिक्षकांनी 'विकेंद्रित' खोडून 'वितरित' केलं. मित्राचं म्हणणं 'विखुरलेली' हवं. शिवाय रोमिंगला चांगला मराठी शब्द कोणता, हेही त्याला हवंय.

शिक्षकांचं बरोबर आहे. वाक्य मात्र अजून बरंच दुरुस्त व्हायला हवं.

'विकेंद्रित' आपल्याकडे आला तो राज्यकारभारातून. लोकशाही विकेंद्रीकरण, वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, हे सगळं त्या शब्दाला चिकटलेलं आहे. म्हणून मराठी कानाला 'विकेंद्रित' म्हटलं की अधिकार खाली दिले असंच ऐकू येतं. मोबाइल नेटवर्कमध्ये नोंदी खाली जातात, अधिकार जात नाहीत. 'विखुरलेली' तर त्याहून वाईट. विखुरलेली वस्तू कुठे पडली हे कुणाला ठाऊक नसतं, आणि इथे सगळा खटाटोप कोण कुठे आहे ते ठाऊक असावं म्हणूनच चाललेला असतो. 'वितरित'बद्दलही माझी थोडी कुरकुर आहे, कारण पुरस्कार वितरित केला की तो देणाऱ्याकडे उरत नाही. पण शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलाय, गैरसमज करत नाही, तेव्हा राहू द्या.

आता अधिकार जात नाहीत म्हणजे काय, ते जरा खोलात पाहू, कारण पुढचे शब्द त्यावरच ठरतात. जीएसएमची, म्हणजे २जी मोबाइलची, जुनीच रचना घेतो.

तुमच्या कंपनीकडे होम लोकेशन रजिस्टर, म्हणजे एचएलआर असतो. मोठ्या कंपनीकडे असे अनेक असतात, पण एका ग्राहकाची कायमची नोंद त्यांतल्या एकातच. तुमचा नंबर, तुम्हाला कोणत्या सेवा चालू आहेत, आउटगोइंग बंद केलंय का, हे सारं तिथे. दुसरं व्हिजिटर लोकेशन रजिस्टर, व्हीएलआर. हे प्रत्येक भागातल्या स्विचसोबत, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्रणेसोबत, असतं आणि सध्या त्या भागात असलेल्या फोनांची तात्पुरती नोंद ठेवतं. तुम्ही पुण्याहून पणजीला गेलात की तिथलं व्हीएलआर तुमच्या एचएलआरला कळवतं, 'हा आता माझ्याकडे आहे.' एचएलआर तुमच्या सेवांची माहिती तिकडे पाठवतो आणि पुण्याच्या व्हीएलआरला तुमची नोंद काढून टाकायला सांगतो. दुबईच्या विमानतळावर उतरलात तरी हेच. सिममधल्या १५ आकडी ओळखक्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे असतात, भारताचे ४०४ आणि ४०५. पुढचे आकडे कंपनीचे. तेवढ्यावरून तिथल्या व्हीएलआरला कळतं की चौकशी कुठे करायची.

यातली खरी गंमत म्हणजे पूर्ण माहिती एका ठिकाणी कुठेच नसते. एचएलआरला फक्त एवढंच माहीत असतं की तुम्ही कोणत्या व्हीएलआरकडे आहात. व्हीएलआरला माहीत असतं की तुम्ही कोणत्या लोकेशन एरियात आहात, म्हणजे टॉवरांच्या कोणत्या पट्ट्यात. फोन नुसता खिशात असेल तर नेमका कोणता टॉवर, हे त्यालाही माहीत नसतं. कॉल आला की एचएलआर व्हीएलआरकडे एक तात्पुरता नंबर मागतो, कॉल त्या नंबरावर वळवला जातो, आणि मग त्या पट्ट्यातले सगळे टॉवर तुमच्या नावाने हाक मारतात. तुमचा फोन 'ओ' देतो तेव्हा कुठे जागा कळते. एकाच व्हीएलआरच्या हद्दीत तुम्ही या पट्ट्यातून त्या पट्ट्यात गेलात तर एचएलआरला कळवलंही जात नाही. दर हालचालीला वरपर्यंत निरोप गेला असता तर नेटवर्कचा निम्मा वेळ त्यातच गेला असता.

म्हणूनच माझी सूचना : एचएलआर म्हणजे पट आणि व्हीएलआर म्हणजे हजेरी. शाळेत पटावर नाव एकदाच चढतं, हजेरी रोजची. 'अभ्यागत नोंदवही' किंवा 'पाहुण्यांची वही' असे शब्द सुचतात खरे, पण ते फसवे आहेत. तुम्ही स्वतःच्या गावात, घरच्या पलंगावर असलात तरी तुमची नोंद व्हीएलआरमध्ये असतेच. तिथे पाहुणा असा कुणी नाही, हजर असलेले आहेत.

हजेरी चुकीची असू शकते. तुम्ही फोन रीतसर बंद केलात तर तो बंद होण्याआधी नेटवर्कला तसं कळवतो, आणि कॉल करणाऱ्याला 'स्विच ऑफ' ऐकू येतं. खंडाळ्याच्या बोगद्यात रेंज गेली तर कळवायला वावच नसतो. हजेरीत नाव असतं, हाक मारली जाते, उत्तर येत नाही, आणि 'संपर्क क्षेत्राबाहेर'चा निरोप वाजतो. हे फार ताणू नये म्हणून फोन स्वस्थ पडलेला असतानाही ठरावीक काळाने 'मी आहे' असं कळवतो. हा काळ नेटवर्क ठरवतं, सहा मिनिटांच्या पटीत, जास्तीत जास्त साडेपंचवीस तास. तेवढ्यात फोनकडून काही आलं नाही की व्हीएलआर त्याला गैरहजर धरतं.

अशा चुकलेल्या नोंदीला 'कालबाह्य' म्हणू नका. कालबाह्य म्हणजे जिचा जमाना गेला. ही नोंद सकाळी खरी होती, दुपारी नाही. तिला 'शिळी' म्हणा.

'प्रतिकृती'ही नको. प्रतिकृती दिवाळीत किल्ल्यांची करतात. नोंदीची असते ती प्रत. याचं उत्तम उदाहरण नंबर पोर्टेबिलिटीचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याच्या सोयीचं. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर ती सुरू झाली. तोवर नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी कळायची. त्यानंतर कोणता नंबर कुणाकडे गेला याच्या यादीची प्रत प्रत्येक कंपनीला स्वतःकडे ठेवून ताजी करत राहावी लागते. 'सुसंगतता' विधानांत असते, वागण्यात असते. दोन वह्यांतले आकडे जुळतात तेव्हा आपण 'मेळ बसला' म्हणतो. रोजमेळ, ताळमेळ हे शब्द आहेतच.

राहिला 'विदा'. एरवी मला तो आवडतो, आणि इथे तर त्याचा एक जास्तीचा उपयोग आहे. मोबाइलच्या संदर्भात 'डेटा' म्हटलं की लोकांना रोजचे दीड जीबी आठवतात. 'डेटा व्यवस्थापन' वाचून कुणी रिचार्जच्या युक्त्या शोधेल. मात्र जिथे 'नोंदी' म्हणून भागतं, तिथे मी नोंदीच म्हणतो.

तर वाक्य असं करता येईल : 'ग्राहकांच्या नोंदी ठिकठिकाणी ठेवलेल्या असल्याने त्यांचा एकमेकींशी मेळ राखावा लागतो.' शीर्षकात हवं तर 'वितरित नोंदव्यवस्था' ठेवा. ४जी आणि ५जीमध्ये एचएलआर-व्हीएलआर ही नावं बदलली, कामाची वाटणी साधारण तशीच आहे, त्यामुळे पट-हजेरी तिथेही चालून जाईल.

आणि रोमिंगला रोमिंगच म्हणा. सरकारी मराठीत मोबाइलच 'भ्रमणध्वनी' आहे, त्यामुळे 'भ्रमण' आधीच खर्ची पडलंय.